वऱ्हाडातील जुने लहान ट्रॅक्टर आणि त्यांच्या जतनाचा छंद : कामरगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शेतीयंत्रांचा इतिहास प्रामुख्याने कारखान्यांच्या उत्पादनावरून आणि शासनाच्या धोरणावरून लिहिला गेला आहे. यंत्र विकले गेल्यानंतर त्याचे काय झाले, ते किती वर्षे चालले, कोणी दुरुस्त केले आणि अखेर कोठे गेले, हा भाग त्यात बहुधा येत नाही. पाश्चात्त्य देशांत ही उणीव विद्यापीठांपेक्षा हौशी संग्राहकांनीच अधिक भरून काढली. जुने, विशेषतः लहान ‘गार्डन ट्रॅक्टर’ शोधून काढावेत, त्यांचे मूळ रूप परत मिळवावे व त्यांच्या नोंदी ठेवाव्यात, हा तेथे एक रुजलेला छंद आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात असलेल्या कामरगावच्या परिसरात, म्हणजेच वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात, हा छंद का रुजला नाही आणि त्यामुळे इतिहासाचे कोणते साधन नष्ट होत आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

परसबागेचे यंत्र

गार्डन ट्रॅक्टर हे अमेरिकेतील विशिष्ट परिस्थितीचे अपत्य होय. वेस्ट व्हर्जिनियातील डनबार येथील छायाचित्रकार बेंजामिन ग्रेव्हली यांनी हातनांगराला ‘इंडियन’ या मोटारसायकलचे भाग जोडून एक यंत्र तयार केले व १९१६ साली त्याचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती वसाहती वाढल्या, घरापुढे हिरवळ व मागे भाजीचा वाफा आला, आणि अशा यंत्रांना मोठी मागणी निर्माण झाली. ‘व्हील हॉर्स’ची सुरुवात १९४६ ची. ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ या बलाढ्य कंपनीने १९४७ मध्ये ‘फार्मॉल कब’ हा छोट्या शेतासाठीचा ट्रॅक्टर आणि १९६१ मध्ये त्याहून लहान ‘कब कॅडेट’ बाजारात आणला. ‘जॉन डिअर’चा ११० हा नमुना १९६३ चा. हीच यंत्रे आज तेथील संग्राहकांच्या आवडीची आहेत. ती घराच्या गॅरेजमध्ये मावतात, एका माणसाला खोलता येतात आणि आजोबांच्या अंगणाची आठवण देतात. या छंदामागची कारणे यापेक्षा फारशी गूढ नाहीत.

कांदिवलीचा धागा

या कंपनीचा महाराष्ट्राशी आलेला संबंध उल्लेखनीय आहे. कब कॅडेट बाजारात आल्यावर दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहभागातून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. मुंबईत कांदिवली येथे बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. मुळात इंग्लंडमध्ये १९५८ पासून बनणारे हे सुमारे ३५ अश्वशक्तीचे यंत्र होते. पुढे १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्र कंपनीत विलीन झाली. एकाच कंपनीने एका देशात हिरवळ कापणाऱ्यासाठी आणि दुसऱ्या देशात धान्यटंचाईशी झगडणाऱ्या शेतकऱ्यासाठी एकाच सुमारास यंत्रे दिली. पहिली आज प्रदर्शनात मांडली जातात; दुसरीपैकी बहुतेक भंगारात गेली.

वऱ्हाडला यंत्राची ओळख त्याआधीच होऊ लागली होती. १९५६ पर्यंत हा प्रदेश जुन्या मध्यप्रदेशात होता. त्या राज्याच्या उत्तर भागातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने युद्धोत्तर काळात मोठी यंत्रे वापरली व त्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेचे कर्जही मिळाले. अमरावती जिल्ह्यातील पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री असताना दिल्लीत भरलेल्या १९५९-६० च्या जागतिक कृषी प्रदर्शनाने यंत्रशेतीचे चित्र सामान्य शेतकऱ्यापुढे आणले. साठच्या दशकात सोव्हिएत संघातून आलेले १४ अश्वशक्तीचे डीटी-१४, त्यानंतर १९७१ पासून पिंजोर येथे बनलेले एच.एम.टी.-झेटर, असे लहान व मध्यम ट्रॅक्टर देशभर पसरले. आयात यंत्रांच्या वाटपात राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांचा वाटा होता. महाराष्ट्राचे महामंडळ १९६५ चे. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तेव्हापासून झेटरही इतिहासजमा झाला आहे.

हाताने धरून चालवावयाचा पॉवर टिलर मात्र वऱ्हाडात रुजला नाही. तो भातखाचरांचे यंत्र. कपाशी, ज्वारी आणि तुरीच्या ओळींत डवरणी करण्यासाठी बैल, वखर व डवरा पुरेसे होते आणि खोल नांगरणीसाठी भाड्याचा मोठा ट्रॅक्टर सोयीचा होता. दोहोंमधली जागा दीर्घकाळ रिकामीच राहिली. गुजरातमधील अमरेलीच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये एन्फिल्ड बुलेटला मागे अवजार जोडून ‘बुलेट सांती’ बनविली, तेव्हा ती जागा भरण्याचा एक मार्ग दिसला. ग्रेव्हलींनी सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी केला होता तोच हा प्रयोग, मोटारसायकलसकट! एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही. गरज सारखी असली की लोखंडही सारखेच वाकते. १५ अश्वशक्तीचे कारखानी ट्रॅक्टर महाराष्ट्रात सर्रास दिसू लागले ते २०१० नंतर.

दुरुस्ती आणि जतन

येथे मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. जुने यंत्र पुन्हा चालू करण्याचे कौशल्य या भागात नव्हते काय? होते, आणि भरपूर होते. जाम झालेल्या इंजिनात डिझेल ओतून ते काही दिवस मुरू द्यायचे, हेड उतरवायचे, लायनर व पिस्टन बदलायचे, रिंगा टाकायच्या, नोझल व पंप तपासून घ्यायचा, आणि न मिळणारा भाग लेथवर घडवून घ्यायचा, ही कामे तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही जाणता मिस्त्री करीत आला आहे. परदेशी संग्राहक आपल्या गॅरेजमध्ये नेमके हेच करतो. फरक हेतूचा आहे. संग्राहकाला यंत्र जसे होते तसे हवे असते. शेतकऱ्याला ते पेरणीपूर्वी चालायला हवे असते. त्यामुळे एका ट्रॅक्टरचे इंजिन, दुसऱ्याचा गिअरबॉक्स आणि तिसऱ्याचे बॉनेट अशी जुळणी होते. दसऱ्याला पूजेपूर्वी रंगाचा नवा हात बसतो आणि त्याखाली क्रमांकाची पट्टी झाकली जाते. ‘२७५’ हा आकडा तर कंपनीने नव्या ट्रॅक्टरांच्या नावातही चालू ठेवला आहे. म्हणून नावावरून वय ठरविता येत नाही, इंजिन व चासीचा क्रमांकच पाहावा लागतो.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि फारसा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत ‘व्हिंटेज’ ठरतात. या कसोटीमागे दिवाणखान्यात शोभणारी मोटार आहे, शेतात राबलेले यंत्र नाही. पन्नास हंगाम चाललेला ट्रॅक्टर मूळ स्वरूपात राहूच शकत नाही. तो बदलत गेला म्हणूनच टिकला, आणि त्यावरील प्रत्येक वेल्डिंगचा सांधा हा सुटे भाग न मिळण्याच्या काळाचा पुरावा आहे. तो पुसून कारखान्यातील चकाकी परत आणणे हे इतिहासाच्या दृष्टीने नुकसानच म्हणावे लागेल. परदेशी संग्राहकांतही हा वाद आहे. काहीजण जुना रंग, गंज व ओरखडे मुद्दाम राखतात. वऱ्हाडातील यंत्रांना हीच पद्धत अधिक लागू पडते.

विहिरीवरील तेल-इंजिनाची कथा याहून बोलकी आहे. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास बनविलेल्या संथ फिरणाऱ्या डिझेल इंजिनाच्या प्रतिकृती राजकोटच्या कारखान्यांनी दशकानुदशके काढल्या. वीजपंप आल्यावर भारतातील विहिरींवरून अशी इंजिने उतरली आणि किलोच्या भावाने गेली. मात्र २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील हौशी लोक राजकोटची नवी इंजिने ‘लिस्टरॉइड’ या नावाने आवडीने मागवीत होते; पुढे तेथील प्रदूषणविषयक नियमांमुळे या आयातीला आळा बसला.

कामरगावसारख्या गावातून यंत्र उचलून शहरातील संग्रहालयात नेणे हा यावरील उपाय नव्हे. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये आहेत. गोठ्यात किंवा बाभळीखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा क्रमांक, खरेदीची पावती, नोंदणीपुस्तक, बदललेल्या भागांची यादी आणि तो दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे निवेदन एवढे जरी नोंदविले गेले, तरी संशोधनाला आधार मिळेल. यंत्राचे लोखंड आणखी काही वर्षे तग धरील. १९७० च्या दशकात ज्यांनी ते पहिल्यांदा उघडले, ते मिस्त्री आता सत्तरी ओलांडून गेले आहेत.