औषधशाळेतील रव : चिनी वनौषधींच्या विश्लेषणयंत्रांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

चिनी वैद्यकात रोगपरीक्षेचे चार प्रकार मानले आहेत : पाहणे, 'वेन', विचारणे आणि नाडी चाचपणे. यांपैकी दुसऱ्या प्रकाराचे नाव भाषाभ्यासकाला थबकविणारे आहे. 'वेन' हे लिपिचिन्ह दाराच्या चौकटीत कान काढून बनविलेले आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकणे. पुढे वास घेणे हा अर्थही त्याला येऊन चिकटला, आणि वैद्यकात हे दोन्ही अर्थ एकदमच चालतात. रोग्याचा स्वर, श्वास व खोकला ऐकणे आणि त्याच्या देहाचा गंध घेणे ही तेथे एकच परीक्षा होय. कानाला इतका मान देणाऱ्या या परंपरेची औषधे जेव्हा प्रयोगशाळेत तपासली जाऊ लागली, तेव्हा तेथील कानांच्या वाट्याला काय आले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. वनौषधींच्या रसायनाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. यंत्रांच्या आवाजाची नोंद मात्र त्यात क्वचितच सापडते.

यंत्रांपूर्वीची औषधशाळा मुकी नव्हती. नावेच्या आकाराच्या लोखंडी द्रोणीत पायांनी चाक फिरवून मुळ्या दळीत, आणि धातूच्या खलात बत्त्याने कुटीत. चंद्रावरचा ससा अमृतवल्ली कुटीत बसला आहे, ही चिनी कल्पना त्याच ठोक्याची आठवण करून देते. उलट, प्रारंभीचे रासायनिक विश्लेषण बरेच शांत होते. १८८५ साली नागाई नागायोशी या जपानी रसायनज्ञाने 'माह्वांग' या वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे केले ते अर्क काढणे, गाळणे, स्फटिक पाडणे या क्रियांच्या बळावर. १९२३-२४ मध्ये पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात चन को-हुई आणि कार्ल श्मिट यांनी त्याच एफेड्रिनचा रक्तदाबावरील परिणाम अभ्यासिला. अशा प्रयोगांत त्या काळी काजळी धरलेला कागद गुंडाळलेले फिरते पिंप वापरीत आणि त्यावर लेखणी रेघ ओढी. ते पिंप बहुधा घड्याळाच्या यंत्रावर चाले. त्याची टिकटिक ही काही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे.

तथापि शांतता म्हणजे सुरक्षितता असे समजण्याचे कारण नाही. १९७१ साली पेकिंगमधील चिनी औषधिद्रव्य संस्थेत थू यौयौ आणि त्यांचे सहकारी 'छिंगहाव' या वनस्पतीतून हिवतापावरील द्रव्य काढीत होते. चौथ्या शतकातील को हुंग याच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, न उकळता रस प्यावा असे सांगितले आहे; त्यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क थूबाईंनी केला आणि सुमारे ३५ अंशांवर उकळणारा ईथर वापरला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांमधील हिवतापाचे परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. हा यशाचा भाग सर्वश्रुत आहे. पुढे अर्क मोठ्या प्रमाणात हवा होता, पण कारखान्यांची सोय नव्हती. म्हणून घरगुती पाण्याचे रांजण वापरावे लागले. वायुवीजन अपुरे होते. ईथरच्या वाफांनी कार्यकर्ते आजारी पडले, आणि खुद्द थूबाईंना यकृताचा विकार जडला. आज अशा प्रयोगशाळेत सर्वांत अखंड असा जो घोंघावणारा आवाज असतो, तो वाफा ओढून नेणाऱ्या पंख्याचा. त्या रांजणांपाशी तो आवाज नव्हता, आणि त्याची किंमत फुप्फुसांनी व यकृतांनी मोजली.

येथून पुढे 'रव' हा शब्द दोन अर्थांनी वापरावा लागणार आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. १९१८ मध्ये शॉट्की याने निर्वात नलिकांतील विद्युत्प्रवाहाची अंगभूत अनियमितता सिद्धांताने मांडली. १९२८ मध्ये जॉन्सन व नायक्विस्ट यांनी विद्युत्‌रोधकातील उष्णताजन्य चलबिचल मोजून दाखविली आणि तिचा नियम सांगितला. अशी चलबिचल वर्धकाला ध्वनिक्षेपक जोडला की खरखर होऊन ऐकू येई, म्हणून तिला 'नॉइज' हे कानाचे नाव मिळाले. पुढे ध्वनिक्षेपक गेला, कागदावरची थरथरती रेघ उरली, आणि नाव तेच राहिले. चिनी भाषेने यासाठी 'त्सावशंग' हा शब्द योजिला. त्यातील 'त्साव' या चिन्हात झाडावर तीन तोंडे आहेत, म्हणजे पाखरांचा थवा. आमचा 'कलकलाट' त्याच्या फार जवळचा आहे. मराठी शास्त्रीय लेखनात 'रव' रूढ होत आहे. पण काव्यात कोकिळेच्या कूजनालाही रवच म्हणतात, तेव्हा त्यातील नकोसेपण हे परिभाषेने बाहेरून लादलेले आहे, हे विसरता कामा नये.

या दुसऱ्या रवाने छिंगहावच्या विश्लेषकांना फार छळले. आर्टेमिसिनिन हे द्रव्य अतिनील प्रकाश जवळजवळ शोषीतच नाही. जे काही शोषण आहे ते २१० नॅनोमीटरच्या आसपास, आणि तेथे द्रावके व वनस्पतीतील इतर घटकही शोषण करतात. त्यामुळे द्रवक्रोमॅटोग्राफीच्या आलेखावर त्याचा उंचवटा खरखरीत बुडून जाई. १९८० नंतरच्या दशकात चिनी रसायनज्ञांनी त्यावर अल्कली व मग आम्ल यांची प्रक्रिया करून २६० नॅनोमीटरला ठळक शोषण करणारा पदार्थ बनविण्याची युक्ती वापरली. रव कमी करता आला नाही, म्हणून संकेत मोठा केला.

या यंत्रात दोन्ही रव एकाच उगमातून निघू शकतात, ही माझ्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. द्रावक ढकलणारा पंप दट्ट्याच्या मागेपुढे होण्याने चालतो. त्याच्या डोक्यात हवेचा बुडबुडा शिरला की ठेका बिघडतो, आणि त्याच लयीत आलेखाची पायरेषाही हेलकावते. अनुभवी कार्यकर्ता आलेखाकडे न पाहता मान वळवतो. हे ज्ञान कोणत्याही औषधिकोशात नाही. चिनी औषधिकोशात नमुना तयार करण्याची कृती देताना श्रवणातीत लहरींची कुंडी किती शक्तीची, किती कंपनांची हे छापलेले असते. २५० वॉट, ४० किलोहर्ट्‌झ हे आकडे वारंवार भेटतात. मनुष्याचा कान २० किलोहर्ट्‌झच्या वर ऐकत नाही, म्हणून ही कुंडी नि:शब्द असावी असे वाचकास वाटेल; प्रत्यक्षात द्रवातील बुडबुडे फुटण्याची तिची सणसण दात आंबवते.

याहून गंभीर प्रकरण 'फांगची'चे. १९९२ च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन उतरविण्याची औषधे घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे वैद्यांच्या ध्यानात आले. १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. स्टेफानिया जातीच्या 'फांगची'ऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची 'ग्वांगफांगची' वापरली गेली होती. नावाच्या एका पूर्वपदाचा हा घोटाळा. तेव्हापासून अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाचा लेशही शोधणे आवश्यक झाले. रवाच्या तिप्पट उंचीचा संकेत असेल तर पदार्थ 'आढळला' आणि दहापट असेल तर 'मोजता आला', अशी रीत १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत नमूद आहे. म्हणजे औषध निर्दोष ठरविण्याचा निकाल काही अंशी यंत्राच्या खरखरीवर अवलंबून राहिला. ती खरखर खाली आणण्यासाठी वस्तुमानवर्णपटमापक आले, आणि त्यांच्याबरोबर रात्रंदिवस चालणारे निर्वात पंप आले. आलेखावरचा रव उतरला, खोलीतला चढला.

या खोलीतल्या रवाचे मोजमाप डेसिबलमध्ये होते. ६० डेसिबलचे दोन सारखे पंप मिळून १२० होत नाहीत, ६३ होतात. त्यामुळे एकेक यंत्र वाढत जाते आणि कोणी हरकत घेत नाही. चीनमध्ये आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती श्रवणशक्ती टिकावी म्हणून घातलेली आहे, संभाषण टिकावे म्हणून नव्हे. एक मीटरवरचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. आमच्या ध्वनिविज्ञानाच्या वर्गासाठी मी एकदा अशा खोलीत बोलण्याचे ध्वनिमुद्रण केले होते. स्वर व सुरांचे चढउतार ओळखू आले, 'स' आणि 'श' मात्र पंपाच्या सुसाटात मिसळून गेले. ज्या भाषेत वनस्पतींची नावे एकदोन अक्षरांची आणि ऊष्म वर्णांनी भरलेली आहेत, तिच्या प्रयोगशाळेत याचा विचार व्हावयास हवा होता.

अलीकडे निर्वात पंप भिंतीपलीकडे किंवा ध्वनिशोषक पेटीत ठेवण्याचा प्रघात पडला आहे. खोली शांत झाली, हे इष्टच. पण तेलाच्या पंपात वाफ साचली की त्याची घरघर बदलते, आणि झडप उघडून हवा आत सोडली की तो गुळण्या केल्यासारखा आवाज करतो. या खुणांवरून पंपाची प्रकृती ओळखणारा मनुष्य आता पेटीबाहेर बसलेला असतो.