मेणाचा लेप आणि मोटारीची झळाळी

उज्जयिनीचे वैशाखातील ऊन ज्याने सोसले आहे, त्याला मोटारीचा पत्रा हाताला किती चटका देतो हे सांगावयास नको. यात्रेकरूंची ने-आण करून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्याने, किंवा हप्त्यांवर मोटार घेतलेल्या नोकरदाराने, रंग टिकविण्यासाठी कोणते मेण घ्यावे? प्रश्न बाजारातला खरा. पण त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात उज्जयिनीचा अकीक आणि मलमल भृगुकच्छाच्या, म्हणजे आजच्या भडोचच्या, बंदरी जाई व तेथून समुद्रपार होई. त्याच शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो की, जहाजांना वितळलेल्या मेणात कालविलेले रंग देत. त्यांना ऊन, खारे पाणी वा वारा यांची बाधा होत नसे. वाहनावर मेण चढविण्याची विद्या एवढी जुनी आहे!

हे मेण मधमाश्यांचे. बाराव्या शतकातील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मेणाचा साचा करून मूर्ती ओतण्याचा विधी आहे. मेण सहज वितळते, म्हणून मूर्तिकाराला ते हवे. मात्र हाच गुण मोटारीवर दोष ठरतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि माळव्याच्या उन्हात काळ्या पत्र्याची उष्णता या आकड्याजवळ सहज पोहोचते.

यावर तोड निघाली ती ब्राझीलमधून. तेथील अवर्षणग्रस्त ईशान्य भागात कार्नौबा नावाचा ताड वाढतो. पानांतील ओलावा राखण्यासाठी निसर्गाने त्यांवर मेणाचा थर दिला आहे. पाने तोडून, वाळवून, झोडून ते काढतात. ते सुमारे ८० ते ८६ अंशांना वितळते आणि अतिशय कठीण असते. १९२० नंतर अमेरिकेत लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग मोटारींवर आले. ते उन्हात निस्तेज होत; त्यामुळे घासणे आणि मेण लावणे हा मालकाचा नित्यक्रम झाला. पुढे सिलिकोन आले, मग कृत्रिम बहुवारिकांचे लेप आले. १९८० नंतर रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली.

म्हणून डबीवरील ‘कार्नौबा’ या एका अक्षराला भुलू नये. शुद्ध कार्नौबा विटेसारखा कठीण. तो द्रावकात व इतर मेणांत मिसळल्यावाचून हाताने पसरत नाही. स्वस्त डबीत त्याचा अंश थोडाच असू शकतो. कार्नौबाची झळाळी उबदार, पण टिकते काही आठवडे. कृत्रिम लेप त्याहून अधिक काळ टिकतो. तेव्हा किंमत डबीची मोजू नये; वर्षातून किती वेळा लावावे लागेल, ते मोजावे. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे न राहता पसरू लागले की लेप संपला, असे समजावे. आधी धूळ धुवावी, नाहीतर तीच घासली जाऊन रंगावर ओरखडे उमटतात. मग सावलीत, गार पत्र्यावर, पातळ थर द्यावा. जाड थराने चकाकी वाढत नाही, केवळ पैसा जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. ब्राझीलच्या सरकारी तपासनिसांनी कार्नौबाच्या तोडणीवरून गुलामीसदृश स्थितीतील मजुरांची सुटका केलेली आहे. स्वस्ताईचा हिशेब करताना, ती कोणाच्या घामातून आली, हेही विचारणे आपले कर्तव्य होय.