कलम ११ आणि मुंबई बेट

मुंबई इंग्रजांना आंदणात मिळाली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण लंडनमधला तह जून १६६१चा आहे आणि मुंबईतला ताबेकागद फेब्रुवारी १६६५चा. मधल्या साडेतीन वर्षांत काय झालं, ते तहनाम्यात सापडत नाही. त्यासाठी अटींची यादी, ताबेकागद आणि गोव्याच्या पोर्तुगीज विजरईची (व्हाइसरॉयची) पत्रं वाचावी लागतात.

२३ जून १६६१च्या या तहाने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांचं लग्न ठरलं. वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजियर आणि कलम ११ प्रमाणे मुंबईचं बंदर व बेट, असा हुंडा होता. पोर्तुगालने १६४० मध्ये स्पेनचा अंमल झुगारला होता, आणि पूर्वेकडे डच त्यांचं एकेक ठाणं गिळत होते. म्हणून तहाला एक गुप्त कलमही होतं: डचांशी समेट घडला नाही, तर पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या मुलखाच्या रक्षणाला इंग्रजांनी उभं राहायचं. हे पाहता मुंबईला नुसतं आंदण म्हणणं मला अपुरं वाटतं. ती संरक्षणाची आगाऊ दिलेली किंमत होती.

ताबा घ्यायला अर्ल ऑफ मार्लबरोचं आरमार सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबईला पोचलं. सोबत, ज्याच्या नावाने ताबा घ्यायचा तो सर अब्राहम शिपमन आणि सुमारे चारशे सैनिक होते. गोव्याचा नवा विजरई आंतोनिओ द मेलो द कास्त्रो याच आरमारातून आला होता. मार्लबरोने मुंबईबरोबर साष्टी आणि ठाणंही मागितलं. विजरईने शिपमनच्या कागदपत्रांत उणिवा काढल्या आणि मुंबईही दिली नाही. हा निव्वळ हटवादीपणा नव्हता. वसई, साष्टी, वांद्रे या साऱ्या पोर्तुगीज मुलखाच्या तोंडाशी हे बेट होतं, आणि तिथे कोण बसणार याचा अर्थ त्याला लंडन-लिस्बनच्या मंत्र्यांपेक्षा चांगला कळत होता.

सैनिकांना सुरतेतही जागा मिळेना. शेवटी ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले आणि तिथे रोगराईने त्यांचा फडशा पडला. १६६४ मध्ये शिपमनही गेला. मुंबईला पोचेपर्यंत शिपाई उरले होते शंभराच्या आसपास. तहाची ही किंमत तहनाम्यात कुठे नोंदलेली नाही.

आता नवा पेच. मुंबई देण्याचा पोर्तुगालच्या राजाचा हुकूम शिपमनच्या नावाचा, आणि शिपमन तर वारलेला. मृत्युपत्रात त्याने आपला चिटणीस हम्फ्री कुक याला अधिकार दिला होता. तो चालतो का, यावर गोव्यात खल झाला आणि चालतो असं ठरलं.

१८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईत दोना इग्नेस द मिरांदा या विधवा जमीनमालकिणीच्या मोठ्या घरात मंडळी जमली. ताबेकागदात कुकने काय काय केलं ते टिपलेलं आहे: तो बेटावर चालला, माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर फिरला, तटाच्या भिंतींना हात लावला. (इंग्रज तेव्हा जुनं पंचांग पाळत. त्यांच्या हिशेबाने हीच तारीख ८ फेब्रुवारी आणि सालही १६६४च, कारण त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. दोन्हीकडचे कागद जुळवताना हे लक्षात ठेवावंच लागतं.)

मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या ताब्याआधी विजरईने घातलेल्या अटी. पोर्तुगीज मुलखातल्या होड्यांना जकातीविना वाट द्यायची, लोकांच्या धर्मात हात घालायचा नाही, जमीनदारांच्या इस्टेटी काढून घ्यायच्या नाहीत. आणि शेजारच्या पोर्तुगीज गावांतून कुणबी, भंडारी किंवा इतर रयत मुंबईत आली, तर तिला थारा द्यायचा नाही. शेत कसणारे आणि ताडी काढणारे हात निघून जातील, ही धास्ती या अटीत उघड दिसते. लंडनच्या तहात बंदर आणि बेट आहे. इथली माणसं दिसतात ती या अटींत, तीही अडवून ठेवण्यापुरती.

ताबा देण्याआधी विजरईने आपल्या राजाला लिहिलं, की केवळ आज्ञा म्हणून हे करतो आहे. इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल. कुकने लवकरच माहीमही घेतलं. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, म्हणजे बेट एकच, असा इंग्रजांचा दावा होता. कुकने मान्य केलेल्या अटी चार्ल्सने मानल्या नाहीत. मात्र बेटाचा खर्च त्याला परवडेना. २७ मार्च १६६८च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंडांच्या, सोन्यात द्यायच्या खंडाने.

मार्लबरोने मागितलेली साष्टी मात्र इंग्रजांना मिळाली नाही. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तिथली पोर्तुगीज सत्ता संपवली. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७ मे १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. १६६२ मध्ये पोर्तुगीजांकडून न मिळालेला मुलूख एकशे वीस वर्षांनी दुसऱ्या तहाने मिळाला, तो मराठ्यांकडून.