दुसरेपणाचा विसावा

महाराष्ट्रात गरोदरपणाचे कौतुक बहुधा पहिलटकरणीच्या वाट्याला आले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग माहेरी रवानगी, बाळंतपण आईच्या हाताखाली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र कडेवर एक पोर, पोटात दुसरे, आणि उलट्या, पायांची सूज, रक्तक्षय सोसत चूल-पाणी चालूच. वास्तविक लागोपाठच्या बाळंतपणांत रक्तक्षयाचा धोका वाढतो. म्हणजे विसाव्याची गरज वाढली, तिथेच रीत आखडली. एकत्र कुटुंबात सासू-जावा हात लावत, हा आक्षेप खरा आहे. पण त्या घरात माणसांबरोबर कामही वाढे, आणि गिरणगावातल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात तर जाऊ गावी असे.

कायद्याने हे ओझे घराबाहेर आणले. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचा हिरिरीने पुरस्कार केला. 1929 मध्ये कायदा झाला. कारखान्यातल्या बाईपुरताच का होईना, विश्रांती हा तिचा हक्क ठरला. तरी जुनी रीत कायद्यातही शिरलीच: पुढच्या केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांवर नेली, पण दोन मुले हयात असलेल्या बाईला 12 आठवडेच. लोकसंख्येला आळा हवा, असे समर्थन होते. ते मला पटत नाही. रजा कापल्याने आलेली गर्भधारणा टळत नाही, फक्त थकलेली आई लवकर कामावर परतते. आळाच घालायचा, तर र. धों. कर्व्यांनी 1921 मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र काढून सरळ मार्ग दाखवला होता.