मठाच्या बागेतील नळी

हवेला वजन असते, हे आज शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उपडी धरली, की समुद्रसपाटीला नळीतील पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर येऊन थांबतो, हे वाक्य आम्हीही लहानपणी घोकले आणि परीक्षेत लिहून गुण मिळवले. परंतु तो पारा तेथेच का थांबतो, यावरून एके काळी युरोपातील विद्वानांत कडाक्याचे वाद झाले होते. त्या वादाचा निकाल ज्या दिवशी लागला, त्या दिवशी एक संन्यासी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अशाच एका नळीवर नजर ठेवून होता, हे मात्र आम्हांला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवसाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वादाचे मूळ पाणी उपसण्यात होते. विहीर फार खोल असली, की आपले बागायतदार पंप काठावर न ठेवता आत उतरवून बसवतात. कारण वरून पाणी ओढणारा पंप सुमारे दहा मीटरांपलीकडे पाणी ओढू शकत नाही. ही मर्यादा इटलीतील कारागिरांच्याही ध्यानात आली होती. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली. पण त्याला वाटले की, फार लांब दोर जसा स्वतःच्याच भाराने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ तुटत असावा. निसर्गाला पोकळीचे वावडे आहे, म्हणून पाणी वर धावते, ही शिकवण तर ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेली होती.

गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्या सहवासात राहिलेला टॉरिसेली याने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याहून सुमारे साडेतेरा पट जड. त्यामुळे दहा मीटरांचे काम हातभर नळीत होऊ लागले. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेचा भारच पाऱ्याला तोलून धरतो, असे मत त्याने १६४४ मधील एका पत्रात मांडले. मत पटण्यासारखे होते. पण त्याला पुरावा हवा होता.

तो पुरावा कसा मिळवावा, हे फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याने ठरवले. पारा हवेच्या भाराने तोलला जात असेल, तर उंच डोंगरावर वरची हवा कमी, म्हणून पाराही कमी उंचीवर थांबला पाहिजे. पोकळीच्या वावड्याने तो वर राहत असेल, तर तसे घडण्याचे काही कारण नाही. कारण पायथ्याशी असलेले वावडे शिखरावर कमी होते, असे कोण म्हणेल? पास्कल पॅरिसमध्ये होता आणि त्याची प्रकृती नेहमीच नाजूक. म्हणून १६४७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आपल्या बहिणीचे यजमान फ्लोराँ पेरिए यांना पत्र लिहिले. ते पास्कलच्या जन्मगावी, क्लेरमाँ येथे राहत आणि जवळच प्युई द दोम हा १४६५ मीटर उंचीचा डोंगर उभा होता.

प्रयोगाचा दिवस उजाडायला पुढल्या वर्षाचा सप्टेंबर लागला. १९ सप्टेंबर १६४८, शनिवार. सकाळी आठ वाजता मंडळी मिनिम संघाच्या मठाच्या बागेत जमली. संत फ्रान्सिस ऑफ पाओला यांनी स्थापलेल्या या संघाच्या नावाचा अर्थच ‘सर्वांत लहान’ असा आहे. मठातील एक फादर, कॅथेड्रलचे एक धर्मगुरू, दोन न्यायाधिकारी आणि एक वैद्य असे साक्षीदार पेरिए यांच्यासोबत होते. दोन सारख्या नळ्या भरून पाहिल्या. दोन्हींत पारा त्या काळच्या फ्रेंच मापाने २६ इंच साडेतीन रेषा, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटरवर थांबला.

त्यानंतर एक नळी डोंगराकडे निघाली आणि दुसरी बागेतच राहिली. तिच्यापाशी फादर शास्तँ यांना ठेवण्यात आले. दिवसभर वेळोवेळी पाहायचे, पारा हलतो का ते टिपायचे, एवढेच त्यांचे काम.

शिखरावर पारा २३ इंच दोन रेषांवर आला. सुमारे साडेआठ सेंटिमीटर कमी! मंडळी थक्क झाली. तरी पेरिए यांनी घाई केली नाही. तेथील चॅपेलच्या आत, बाहेर उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात अशी पाच वेळा मोजणी केली, आकडा तोच. उतरताना वाटेत मोजले, तेव्हा पारा मधल्या उंचीवर होता.

पण खाली एक प्रश्न वाट पाहत होता. त्या दिवशी हवा सारखी पालटत होती. कधी ऊन, कधी पाऊस, कधी धुके, कधी वारा. पाऱ्यातील फरक डोंगराच्या उंचीमुळे पडला की हवामान बदलल्यामुळे, अशी शंका कोणीही काढली असती. तिचे उत्तर शिखरावर गेलेल्या एकाकडेही नव्हते. ते होते फादर शास्तँ यांच्यापाशी. दिवसभरात पारा जागचा हलला नाही, असे त्यांनी सांगितले. वरून आणलेली नळी बागेत पुन्हा भरली. तिच्यातही पारा सकाळच्याच खुणेवर उभा राहिला. तेव्हा प्रयोग पुरा झाला.

पुढे पेरिए यांनी १६४९ ते १६५१ या काळात रोजच्या नोंदी ठेवल्या. हवामानाबरोबर पारा खरोखरच चढतो व उतरतो, हे त्यांतून दिसले. म्हणजे फादरांची राखण ही निव्वळ खबरदारी नव्हती. त्या दिवशी पारा खालीही हलला असता, तर शिखरावरील आकड्याचा अर्थ लावणे अवघड झाले असते.

१९७१ साली दाबाच्या एककाला पास्कलचे नाव देण्यात आले. आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी ऐकून होड्या बंदरात ठेवतात, त्या बातमीमागचे आकडे हेक्टोपास्कलमध्येच मोजलेले असतात. हा मान पास्कलला योग्यच मिळाला. पण वाचकहो, तो स्वतः त्या दिवशी डोंगरावर नव्हता. चढणारे दुसरे होते आणि खाली थांबणारा तिसराच होता. पेरिए यांनी आपल्या वृत्तांतात फादर शास्तँ यांच्या धर्मनिष्ठेचा व बुद्धीचा गौरवाने उल्लेख केला, म्हणून त्यांचे नाव तरी उरले.

आमच्या मुलांना हा धडा शिकवताना शिखराबरोबर ती बागही दाखवावी, असे आम्हांला मनापासून वाटते. काहीही घडले नाही, हे प्रामाणिकपणे पाहणे आणि तसेच सांगणे, हेही सत्यशोधनाचेच काम आहे.