मोडीतून वाचलेले संगणक

भंडाऱ्याच्या माणसाला ‘मोड’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं हे गाव. चेपलेला हंडा, फुटकी घागर मोडीत द्यायची आणि आलेले पैसे नव्या भांड्यात वळते करायचे, ही इथल्या घरांची जुनी रीत. पितळेच्या बाबतीत त्यात वावगं काहीच नाही. हंडा वितळला तरी पितळ उरतं, आणि तो पुन्हा कसा घडवायचा हे कारागिराच्या हाताला ठाऊक असतं. संगणकाचं तसं नाही. तो मोडीत गेला की थोडंफार तांबं निघतं. पण त्यावर कुणी काय लिहिलं होतं, ते कायमचं जातं. मी जुने घरगुती संगणक गोळा करतो, त्यामागचं कारण एवढंच आहे.

१९८०च्या दशकातला घरगुती संगणक म्हणजे दिसायला नुसता कीबोर्ड. सगळं यंत्र त्याच्याच पोटात. मागून एक वायर घरच्या टीव्हीला जोडायची, दुसरी साध्या कॅसेट रेकॉर्डरला. चालू केलं की पडद्यावर एखादी ओळ उमटायची आणि यंत्र तुमच्या हुकमाची वाट पाहत थांबायचं. तो हुकूम ‘बेसिक’ नावाच्या भाषेत तुम्हीच लिहायचा. म्हणजे संगणक वापरायचा तर थोडं प्रोग्रामिंग शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या जातीतला सर्वांत गाजलेला संगणक म्हणजे इंग्लंडच्या सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’. एप्रिल १९८२मध्ये तो बाजारात आला. सर्वांत स्वस्त नमुन्याची किंमत होती १२५ पौंड. त्याच्या मोठ्या भावाची स्मरणशक्ती ४८ किलोबाइट, म्हणजे आज सकाळी मोबाइलवर येणारं ‘सुप्रभात’चं एक चित्रसुद्धा तीत बहुधा मावणार नाही. तरीही या यंत्राने ब्रिटनमध्ये प्रोग्रामरांची अख्खी पिढी घडवली.

मराठी माणसाने विसरू नये अशी गोष्ट पुढेच आहे. याच स्पेक्ट्रमची सुधारित आवृत्ती, ‘स्पेक्ट्रम प्लस’, परवाना घेऊन आपल्या पुण्यात तयार होत असे. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने तो विकला. इंग्लंडहून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राची इथे वेगळीच पंचाईत व्हायची. ते ब्रिटिश टीव्हीच्या यूएचएफ लहरींसाठी बनवलेलं, आणि आपले त्या काळचे बहुतेक संच व्हीएचएफवर चालणारे. चित्र दिसणार कसं?

दुसरा धागा शाळांचा. नोव्हेंबर १९८४मध्ये केंद्र सरकारचं नवं संगणक धोरण आलं. त्याच सुमारास ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या सुमारे २५० शाळांमध्ये ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक पोहोचले. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी बनवले होते. त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे ‘एआरएम’ हा प्रोसेसर घडवला. त्याची पहिली चिप एप्रिल १९८५मध्ये चालू झाली. आज आपल्या खिशातल्या जवळपास प्रत्येक मोबाइलचा मेंदू त्याच घराण्यातला आहे. शाळेच्या कोठीत धूळ खात पडलेला तो पिवळट कीबोर्ड म्हणजे या मोबाइलचा आजोबाच म्हणायचा.

रेडिओच्या श्रोत्यांना आवडेल अशी एक हकिगत सांगतो. या संगणकांचे प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवले जात. ऐकायला नुसती किरकिर. पण जे कॅसेटवर मावतं ते आकाशवाणीवरूनही पाठवता येईल, नाही का? हॉलंडच्या ‘हॉबीस्कूप’ या कार्यक्रमाने नेमकं तेच केलं. युगोस्लाव्हियात बेलग्रेड रेडिओनेही १९८०च्या दशकात प्रोग्राम प्रसारित केले. श्रोते ती किरकिर टेप करून घेत आणि आपल्या संगणकाला ऐकवत.

हाच आवाज आज सर्वांत जास्त धोक्यात आहे. यंत्र एक वेळ दुरुस्त होतं. वाळलेले कंडेन्सर बदलता येतात. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डखालची प्लास्टिकची पातळ पट्टी कडक होऊन तुटते, तिच्या जागी नवी मिळते. पण कॅसेटवरचं चुंबकत्व हळूहळू उतरत जातं. त्यात आपल्याकडचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना आणि पाठोपाठ पावसाळ्याची बुरशी. ऑगस्ट २०२०मध्ये वैनगंगेचं पाणी भंडाऱ्यात शिरलं, तेव्हा तर किती घरांतले माळे तेवढे कोरडे राहिले.

माझ्याकडे तुमसरच्या एका घरातून आलेली कॅसेट आहे. वर बॉलपेनने फक्त ‘८९’ लिहिलेलं. पहिल्यांदा काहीच वाचता येईना. रेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं, त्याचा स्क्रू केसभर फिरवला आणि सातव्या खेपेला प्रोग्राम उतरला. कुणा शाळकरी मुलाने लिहिलेली पावकी, निमकी, पाऊणकी! आजोबांच्या पिढीने घोकलेले पाढे नातवाने इंग्लंडच्या यंत्राला शिकवले होते. मथळा मात्र देवनागरीत. स्पेक्ट्रममध्ये स्वतःची अक्षरं घडवण्यासाठी एकवीस जागा असतात, प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. आपली मुळाक्षरं एकवीस घरांत मावायची नाहीत. या मुलाने लागतील तेवढीच अक्षरं निवडली आणि ठिपका ठिपका मांडून बसवली. देवनागरीसाठीच्या ‘इस्की’ला राष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली १९९१मध्ये. त्याआधी दोन वर्षं एक पोरगं घरच्या टीव्हीवर मराठी उमटवत होतं.

अशा मुलांची नोंद कोणत्याही कागदपत्रांत सापडत नाही. कंपन्यांचा इतिहास लिहिला जातो, धोरणांचाही लिहिला जातो. पण आपल्या खेड्यापाड्यांत संगणक पहिल्यांदा कुणी मराठीत बोलता केला, याचा पुरावा आहे तो जुन्या कॅसेटींत, आणि त्या भंगारात किलोच्या भावाने जातात.

म्हणून एक विनंती. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर असा एखादा कीबोर्ड सापडला, तर तो लगेच भंगारवाल्याला देऊ नका. लगेच चालूही करू नका, कारण जुना वीजपुरवठा आतल्या चिप जाळू शकतो. सोबतच्या कॅसेट पुसून त्यांवर गाणी भरू नका. कॅसेटचा आवाज आजच्या संगणकात साठवून ठेवता येतो, त्याला फार खर्च येत नाही. आणि एका कागदावर एवढं नक्की लिहून ठेवा, की हे यंत्र कुणाचं होतं, कोणत्या साली घेतलं, आणि त्यावर घरातलं कोण बसत असे.