जरा, वृद्धी आणि वाडीचे कुंपण

वार्धक्याचे चित्रण आणि उद्यानांची रचना हे कलेतिहासाचे दोन विषय सामान्यतः निरनिराळ्या प्रकरणांत हाताळले जातात. वस्तुतः त्यांचा संबंध निकटचा आहे. उद्यान ही मूलतः कुंपणाची कला होय. कुंपणाच्या आत कोणास घ्यावयाचे व बाहेर कोणास ठेवावयाचे, हा प्रश्न तिच्या मुळाशी असतो. वार्धक्यास ह्या कुंपणाच्या कोणत्या बाजूस जागा मिळाली, ह्यावरून त्या त्या समाजाची वार्धक्याकडे पाहण्याची दृष्टी ओळखता येते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘वाडी’ हा शब्द संस्कृत ‘वाटिका’ ह्यापासून आला असून त्याच्या मुळाशी असलेल्या ‘वाट’ शब्दाचा अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. अरबी-फारसीतील ‘फिरदौस’ हा स्वर्गवाचक शब्द प्राचीन इराणी ‘पइरिदएझ’ ह्या शब्दापर्यंत मागे नेता येतो. त्याचाही अर्थ ‘भोवती भिंत घातलेले’ असाच आहे. त्यातील पहिले पद म्हणजे आपला ‘परि’ हा उपसर्गच होय. अशा रीतीने वसईची केळीची वाडी आणि इराणी स्वर्ग हे अर्थदृष्ट्या एकाच कुळातले ठरतात.

वार्धक्याच्या बाबतीत मात्र भाषेने दोन मार्ग धरलेले दिसतात. ‘जरा’ हा शब्द झिजण्याच्या अर्थाच्या धातूपासून झाला, तर ‘वृद्ध’ म्हणजे वाढलेला. ‘वाढणे’ हे आपले क्रियापद त्याच धातूचे. मराठीतील ‘म्हातारा’ हा शब्द ‘महत्तर’ ह्याचे रूपांतर आहे. दख्खनच्या ताम्रपटांत ‘महत्तर’ हे गावच्या प्रमुख व्यक्तींचे नाव म्हणून येते. भिवंडी तालुक्यात पूर्णा व भोवतालच्या गावांच्या परिसरात सर्रास आढळणारे ‘म्हात्रे’ हे आडनाव त्याच पदाची आठवण सांगते. एकेकाळी मानाचा असलेला हा शब्द आज एखाद्यास तोंडावर उद्देशून वापरल्यास अवमानकारक वाटतो. शब्दाच्या ह्या अवनतीचा मागे समाजाच्या दृष्टीतही काही बदल झाला असावा काय, हा प्रश्न पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयाचा आहे.

बौद्ध चरित्रकथेत ‘जरा’ प्रथम भेटते ती उद्यानाच्या वाटेवर. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त राजपुत्र उपवने पाहावयास निघतो, तेव्हा शुद्धोदन राजा मार्गावरील वृद्ध व पीडित जनांस दूर करवितो, तरीही एक वृद्ध दिसतोच. जावामधील बोरोबुदूरच्या शिल्पपट्टांत हा प्रसंग कोरलेला आहे. आपल्याकडे अजिंठ्यास, वाकाटक नृपती हरिषेण ह्याच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील चित्रांत हेच विभाजन निराळ्या रूपाने आढळते. क्रमांक २ च्या लेण्यात लुंबिनी उद्यानातील बुद्धजन्म आहे. तेथे सारे यौवन व पल्लव. उलट क्रमांक १७ च्या लेण्यात विश्वंतराच्या कथेतील याचक ब्राह्मण जूजक पाहावा. विरळ दाढी, पुढे आलेले दात, लोभी मुद्रा. अजिंठ्याच्या चित्रकाराने वार्धक्याचे निरीक्षण किती बारकाईने केले होते ते येथे कळते. परंतु ते बाहेरून चालत आलेले, काही मागावयास व हिरावून न्यावयास आलेले वार्धक्य आहे.

अजिंठ्याहून फार दूर न जाता इस्लामी परंपरेतील उदाहरण घेता येईल. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा हा दिलरस बानू बेगमेचा, १६६० च्या सुमारास उभारण्यास आरंभ झालेला मकबरा. १६५७ मध्ये तरुणपणीच वारलेल्या बेगमेभोवती आखीव चारबाग आहे. हे भिंतीआडचे फिरदौसच होय. १७०७ मध्ये ८८ व्या वर्षी मृत्यू पावलेल्या औरंगजेबाची कबर मात्र खुलदाबादेस उघड्या आकाशाखाली, मातीची व साधी आहे. उत्तरकालीन चित्रांत तो वाकलेला, पांढऱ्या दाढीचा, ग्रंथ वाचीत बसलेला दिसतो. ज्याने वार्धक्य पूर्णपणे भोगले त्याच्या वाट्यास बाग आली नाही, हा विरोध लक्षणीय आहे.

युरोपात लूकास क्रानाख ह्याने १५४६ मध्ये ‘तारुण्याचा झरा’ हे चित्र काढले. ते बर्लिन येथे आहे. डावीकडे ओसाड खडकाळ भूमी असून तेथून जरठ स्त्रियांना गाडीतून, हातगाडीवरून आणले जात आहे. मध्ये कुंड. उजवीकडे तरुण होऊन निघालेल्या त्याच स्त्रियांसाठी हिरवळ, भोजन व नृत्य. बागेत प्रवेश आहे, पण वार्धक्य काठावर टाकून. चित्रकाराने स्वतः तेव्हा सत्तरी ओलांडली होती, हे विसरता येत नाही.

चीनमध्ये मात्र कुंपणाच्या आतच वार्धक्यास आसन मिळाले. सूझौ येथे राजसेवा सोडून आलेल्या वांग श्येनच्यन ह्या अधिकाऱ्याने सोळाव्या शतकाच्या आरंभी उद्यान रचले. १५३३ मध्ये वेन झेंगमिंग ह्या चित्रकाराने त्याची ३१ दृश्ये चितारली आणि १५५१ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांतील आठ पुन्हा काढली. त्याचे १५३२ चे ‘सात जुनिपर’ हे चित्र पिळवटलेल्या प्राचीन खोडांचेच आहे. ह्या परंपरेत उद्यानातील शिळेचे जे गुण सांगितले जातात, त्यांत कृशता, सच्छिद्रता ह्यांच्याबरोबर ‘सुरकुतलेपणा’ही आहे. अन्यत्र जी लक्षणे जरेची, तीच येथे सौंदर्याची परिमाणे झाली.

आपल्याकडे अशी रचना नव्हती असे नाही. गावच्या वडापिंपळाचा पार ही तिची देशी आवृत्ती होय. पारास कुंपण नसते. जुने झाड व त्याखाली बसणारे जुने लोक एकमेकांची प्रतिष्ठा वाढवितात. ‘महत्तर’ पदाचे व्यवहारातील स्थान हेच. ‘पिकले पान’ ह्या प्रयोगातही गळण्याआधी पिकण्याचा, म्हणजे पूर्णतेस जाण्याचा स्वीकार आहे.

पूर्णा, काल्हेर, राहनाळ ह्या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. दुसरीकडे शहरांत ‘ज्येष्ठ नागरिक’ हे नवे नाव आणि गिरगाव चौपाटीवरील नाना-नानी पार्कासारखी वृद्धांसाठीच राखलेली उद्याने निर्माण झाली. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि पूर्वी जे कुंपण जरेस बाहेर ठेवण्यासाठी घातले जात होते, ते आता तिच्याभोवतीच घातले जात नाही ना, हे पाहिले पाहिजे. पाराखाली वृद्ध हा गावाच्या मध्यभागी होता. राखीव उद्यानात तो एका कोपऱ्यात सुरक्षित आहे. ‘महत्तर’ शब्दाचा ‘म्हातारा’ कसा झाला, ह्याचे ध्वनिविषयक उत्तर व्याकरण देते. त्यातील मान कोठे गेला, ह्याचे उत्तर मात्र कोशांत सापडणार नाही. ते पार व वाड्या ह्यांच्या इतिहासात शोधावे लागेल.